एका रात्रीची जागा

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजक बायांनी मला सांगितलं होतं की, 'तू आणि तुझी मैत्रीण पाठीवर पिशव्या टाकून युरोप फिरून आलात, त्याबद्दल बोल. आमच्या बायकांनाही जरा बाहेरचं जग कळू दे.' मी लगेच हो म्हटलं. पण तयारीला बसले तेव्हा लक्षात आलं की तिथल्या पुलांचं, राजवाड्यांचं मला फारसं काही सांगायचं नाही. ते फोटोत बघायला मिळतं. मला सांगायचंय ते दोन रात्रींबद्दल. एक रात्र जर्मनीतल्या कोलोन शहरातली आणि दुसरी इथली, आपल्या कर्जत स्टेशनाबाहेरची. दोन्ही रात्री आम्ही त्याच दोघी होतो. दोन्ही रात्री उशीर झाला होता. आणि दोन्ही रात्री प्रश्न एकच होता : आज झोपायचं कुठे?

त्याआधी तुम्हाला एक विचारते. गेल्या महिन्यात खालापूरच्या बाजूच्या एका गावात बैठकीला गेले होते, तिथेही हेच विचारलं. 'बायांनो, आपलं घर सोडून तुम्ही कुठे कुठे रात्र काढली आहे?' उत्तरं भराभर आली. माहेरी. बाळंतपणाला. दवाखान्यात, सासऱ्यांच्या खाटेखाली चटई टाकून. नात्यातल्या लग्नाला. पंढरपूरला, महडच्या गणपतीला. कातकरवाडीतल्या बायका म्हणाल्या, 'वीटभट्टीवर, सहा सहा महिने.' मग मी विचारलं, 'यात स्वतःच्या मर्जीने, स्वतःसाठी काढलेली रात्र कोणती?' सगळ्या गप्प झाल्या. एक जण हसून म्हणाली, 'ताई, आपली आपण बाहेर राहिलेली बाई चांगली असते का?'

माझं आजचं सगळं बोलणं या वाक्याबद्दल आहे.

आता कोलोनची रात्र. २०१७ सालचा मे महिना होता. आम्ही दोघींनी बँकेतल्या छोट्या ठेवी मोडून तीन आठवड्यांचा बेत केला होता. पैसे मोजून होते, त्यामुळे रोज पाव, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी खाऊन दिवस काढायचे आणि सगळ्यात स्वस्त खाट असेल तिथे झोपायचं. तिकडे तरुण प्रवाशांसाठी हॉस्टेलं असतात. एका खोलीत सहा-आठ खाटा, न्हाणीघर सामायिक आणि पैसे खोलीचे नाही, तर एका खाटेचे द्यायचे. त्या दिवशी आमची मधली गाडी चुकली आणि कोलोनला पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजून गेले. जिथे खाटा सांगून ठेवल्या होत्या, तिथे आम्ही वेळेत आलो नाही म्हणून त्या दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या.

मी घाबरले होते, हे कबूल करते. ज्या स्टेशनाबाहेर आम्ही उभ्या होतो, तिथेच २०१५ च्या शेवटच्या रात्री, नव्या वर्षाच्या गर्दीत, बायकांवर लैंगिक हल्ले झाले होते. शेकडो बायकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या. तेव्हा 'तिकडे बायका मोकळ्या फिरतात, तिकडे काही भीती नाही' असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. बाईच्या अंगावर हात टाकणारे पुरुष तिकडेही आहेत. फरक होता तो पुढच्या गोष्टीत.

दुसऱ्या ठिकाणी विचारलं, जागा नव्हती. तिसऱ्या ठिकाणी फळीमागे एक विशीतला मुलगा बसला होता. त्याने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, 'बायकांच्या आठ खाटांच्या खोलीत दोन खाटा आहेत. चालतील?' आमचे पासपोर्ट पाहिले, पैसे घेतले, धुतलेल्या चादरी हातात दिल्या आणि न्हाणीघर कुठे ते सांगितलं. संपलं. आम्ही दोघी तिथेच उभ्या. तो म्हणाला, 'आणखी काही हवंय का?' आम्हाला काही नको होतं. आम्ही पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. बरोबर कोण आहे? नवरा कुठे आहे? एवढ्या रात्री कुठून आलात? या प्रश्नांची उत्तरं रस्त्याने चालतानाच आम्ही मनातल्या मनात तयार करून ठेवली होती. ती कोणी मागितलीच नाहीत. खाटेवर पडल्यावर मैत्रीण मला म्हणाली, 'आपण बत्तीस वर्षांच्या बाया, आणि कोणी जाब विचारला नाही तर चुकल्यासारखं वाटतंय!'

हेही सांगायला हवं की त्या फळीवर आमचे पासपोर्ट चालले, आमच्याजवळ युरो होते. सकाळी बाहेर पडलो तेव्हा आडोशाला पुठ्ठे अंथरून माणसं झोपली होती, त्यांत बायाही होत्या. त्यांच्यासाठी आतमध्ये खाट नव्हती. म्हणजे तिथे बाई म्हणून अडवलं नाही, पण गरीब म्हणून, बिनकागदाची म्हणून अडवतातच. हे मनात ठेवा, कारण हाच मुद्दा मला आपल्या इथे परत भेटला.

या हॉस्टेलांची सुरुवात कशी झाली, ती गोष्ट मला फार आवडते. रिचर्ड शिर्मान नावाचे एक शाळामास्तर होते. १९०९ सालच्या ऑगस्टमध्ये ते मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. कोलोनपासून फार लांब नाही तो भाग. वाटेत मोठं वादळ आणि पाऊस आला. एका खेड्यातल्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. गवताचा पेंढा पसरला आणि मुलं झोपली. बाहेर वीज कडाडत होती आणि मास्तरांच्या मनात आलं की सुट्टीत, रात्री अशा शाळा रिकाम्याच असतात, मग वाटसरू मुलांसाठी त्या का उघडू नयेत? तिथून पुढे १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवक वसतिगृह उभं राहिलं आणि मग ही कल्पना जगभर गेली. म्हणजे पावसात अडकलेल्या माणसाला एक रात्र कुठे काढता येईल, एवढ्या साध्या गरजेतून एवढं मोठं काम झालं. पावसात तर आपणही दरवर्षी अडकतो. आता तीच रात्र सांगते.

२६ जुलै २०१९, शुक्रवार. तारीख लक्षात राहण्याचं कारण असं की त्याच रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आम्ही दोघी खांडसच्या बाजूला एका वाडीत आरोग्य शिबिर आटोपून कर्जतला आलो होतो. सहा आसनी रिक्षेत ताडपत्रीतून पाणी गळत होतं, दोघी भिजून चिंब. मी कल्याणला राहते, मैत्रीण डोंबिवलीला. नेहमी लोकलने तासा-दीड तासात घरी. पण त्या रात्री पुढे रुळांवर पाणी, गाड्या बंद. रस्त्यानेही कोणी जायला तयार नव्हतं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. नऊ वाजता आम्ही ठरवलं, एखाद्या लॉजमध्ये खोली घेऊ, सकाळी बघू.

पहिल्या लॉजवर माणूस म्हणाला, 'फक्त फॅमिलीला देतो.' मी म्हटलं, 'आम्ही दोघी आहोत.' तो म्हणाला, 'तेच ना. जेन्ट्स कोण आहेत बरोबर?' बघा, लॉजच्या भाषेत फॅमिली म्हणजे एक पुरुष आणि त्याच्याबरोबरची बाई. दोन पुरुष आले तर त्यांना फॅमिली लागत नाही. आमच्या डोळ्यांदेखत कंपनीचे दोघे जण आले, सही केली आणि किल्ली घेऊन वर गेले.

दुसऱ्या ठिकाणी आमची आधारकार्डं पाहिली आणि म्हणाले, 'कल्याण-डोंबिवलीच्या आहात, मग इथे खोली कशाला?' बाहेर रुळांवर पाणी आहे, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याची नजर आधी माझ्या गळ्याकडे गेली. मी मंगळसूत्र घालत नाही. त्याने कार्डं परत केली.

तिसऱ्याने खोली दिली. भाव दुप्पट सांगितला, तो आम्ही कबूल केला. 'काही चौकशी आली तर माझी जबाबदारी नाही,' असंही तो म्हणाला. वर जाऊन पाहतो तर दाराला आतून कडी नाही. कडी मागितली तर तो हसला. आम्ही खाली उतरलो.

मग फोनवरून फार्महाउसवाल्यांना विचारलं. आपल्या या दोन तालुक्यांत आज फार्महाउस आणि रिसॉर्ट किती झालेत, तुम्हाला माहीतच आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत पाट्याच पाट्या. उत्तरं मिळाली : 'वीकेंडला फुल्ल आहे.' 'ग्रुपला देतो.' 'कपलला देतो.' दोघी बायकांना कोणीच देत नव्हतं.

आता मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला आजही लाज वाटते. दुसऱ्या लॉजवर तो माणूस कार्डं परत करत होता, तेव्हा मी त्याला म्हणाले, 'अहो, आम्ही तसल्या बायका नाही. मी एमएसडब्ल्यू आहे. हे बघा माझं संस्थेचं ओळखपत्र.' बाहेर आल्यावर मैत्रीण बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'आणि तू एमएसडब्ल्यू नसतीस तर? आणि आपण तसल्या असतो तर? त्या बाईने पावसात कुठे झोपायचं?'

मी दहा वर्षं बायकांच्या शिबिरांत बोलत आले होते की बायकांची चांगली आणि वाईट अशी वाटणी पुरुषप्रधान व्यवस्था करते. आणि एका रात्रीच्या पावसात, एका खोलीसाठी, मी स्वतःच ती वाटणी करून मोकळी झाले. स्वतःला चांगल्यांच्या ओळीत उभं केलं आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. आणि गंमत अशी की खोली तरीही मिळाली नाही.

कोणी म्हणालं, पोलीस ठाण्यात जाऊन बसा, बाकावर रात्र निघेल. कदाचित चांगली वागणूक मिळालीही असती. पण आपल्यापैकी ज्या चळवळीत आहेत त्यांना १९७२ सालचं देसाईगंजच्या ठाण्यातलं मथुरा प्रकरण आठवतं. त्या आदिवासी मुलीवर रात्री ठाण्यातच बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. ती आठवण आपल्या हाडात आहे. आमचे पाय तिकडे वळले नाहीत.

शेवटी स्टेशनाच्या जिन्याखाली एक मावशी रानभाजीची पाटी आवरत बसल्या होत्या. टाकळा, कुर्डू, थोडी कंटोळी उरली होती. त्यांनी आम्हाला दोनदा येता-जाताना पाहिलं होतं. म्हणाल्या, 'काय गो बायांनो, पान्यात किती येरझाऱ्या घालाल? चला माज्याकडं.' आम्ही काही सांगायच्या आत पाटी डोक्यावर घेऊन त्या चालायला लागल्या. वाटेत त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, 'जेवलाव का?'

भाड्याची एक खोली, दहा बाय दहाची. त्यात मावशी, त्यांची सून, तिचं तान्हं बाळ आणि आम्ही दोघी. पत्रा दोन ठिकाणी गळत होता, तिथे पातेली लावलेली. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. आडव्या पडल्यावर गप्पा सुरू झाल्या. सून एका फार्महाउसवर कामाला जायची. म्हणाली, 'आज बारा खोल्यांच्या चादरी बदलून आले. शुक्रवार ना.' बारा खोल्यांच्या चादरी बदलणारी बाई बाळाला कुशीत घेऊन भिंतीला चिकटून झोपली होती, कारण आम्हाला जागा करून द्यायची होती.

आणि मावशी सहज म्हणाल्या, 'तुमी काय पहिल्या न्हाईत. हितं कुनी ना कुनी येतंच.' मी विचारलं, कोण? तर आजूबाजूच्या दोघी-तिघी, नवरा दारू पिऊन मारायला लागला की. एकदा खोपोलीकडची एक बाई पोरांना घेऊन घरातून निघालेली. शेवटची गाडी गेलेली, माहेर लांब, हातात पैसे नाहीत. ती चार दिवस राहिली. मावशींनी तिला काही विचारलं नव्हतं. म्हणाल्या, 'इचारून काय करायचं? सांगायचं तवा सांगते बाई.'

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. निवारागृहावर निबंध लिहिला. १९७१ साली लंडनमध्ये चिझिक इथे मारहाण झालेल्या बायकांसाठी पहिलं आश्रयघर निघालं, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले. आणि इथे स्टेशनापासून दहा मिनिटांवर एक बाई कितीतरी वर्षं तेच काम भाजी विकून करत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या रात्रीनंतर आम्ही दोघी यावर पुष्कळ बोललो. काही गोष्टी वाचल्या, काहींचा शोध घेतला. त्यातलं आपल्या उपयोगाचं सांगते.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५ सगळ्यांनी ऐकलेला आहे. पण त्याचं दुसरं कलम आपण वाचत नाही. त्यात म्हटलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत मज्जाव करता येणार नाही. हॉटेल हा शब्द त्यात स्पष्ट आहे. लिंग हाही शब्द आहे. तेव्हा ओळखपत्र मागणं, नोंद करणं हे लॉजवाल्याचं काम आहे, ते त्याने करावं. पण 'बाईमाणूस आहात म्हणून खोली नाही' हे म्हणणं संविधानाच्या विरोधात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर असं सांगितलं की लग्न न झालेल्या सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत एकत्र राहणं हासुद्धा गुन्हा नाही. मग दोन बायकांचा प्रश्नच कुठे येतो?

पण लॉजवाला तरी घाबरतो का? त्याचीही बाजू समजून घेऊ. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात. जागेत वेश्याव्यवसाय चालू दिला तर जागेच्या मालकाला शिक्षा होते. त्यामुळे धाड पडण्याची भीती असते. बायकांची खरेदी-विक्री थांबावी म्हणून केलेला हा कायदा, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झालाय की एकटीदुकटी बाई दिसली की तीच संशयित. बायका विकणारा दलाल मात्र बायको म्हणून नाव लिहितो आणि 'फॅमिली' होऊन आरामात खोली घेतो!

दुसरी गोष्ट. शिक्षणाने, ओळखपत्राने जागा मिळते, असा माझा समज होता. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेले लोक चालून आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. माझ्या एका ओल्या रात्रीची त्या अपमानाशी तुलना होऊच शकत नाही, ती मी करत नाही. पण त्यातून कळतं ते असं की ज्याला समाजाने 'याची जागा इथे नाही' म्हणून ठरवलं, त्याच्यासाठी संध्याकाळ झाली की सगळी दारं बंद होतात, पदवी कितीही मोठी असो. आणि आजही रात्रीच्या जागेसाठी नाव आणि आडनाव चाचपलं जातं. माझ्या जागी एखादी कातकरी मुलगी असती किंवा बुरखा घातलेली मुलगी असती, तर कदाचित पहिल्या दोन लॉजच्या पायऱ्याही ती चढली नसती.

तिसरी गोष्ट आपल्या रायगडची. हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. आपण ती आईच्या मायेची गोष्ट म्हणून सांगतो. खरंच आहे, ती बाळासाठी गेलीच असती. पण मला आता असंही वाटतं की दरवाजे सूर्यास्ताला बंद होतात आणि बाईने तोवर घरी पोहोचायचं, हा नियम आपण तिच्यानंतरही चालूच ठेवला. 'सातच्या आत घरात.' बाई कड्यावरून उतरली तर तिचं कौतुक करायचं, पण दरवाजा उघडा ठेवायचा नाही.

रात्री कुठे झोपता येईल यावर दिवसा किती लांब जाता येईल ते ठरतं. आपल्या दोन तालुक्यांत कोणाकोणाला रात्रीची जागा लागते, याची आम्ही एकदा बसून यादी केली. अवघडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात घेऊन येणारी आशाताई. बाई आत जाते, आशाताई बाहेर पायरीवर. भरतीच्या परीक्षेला पहाटे हजर राहायचं असलेली मुलगी. कोर्टाच्या तारखेला किंवा सरकारी कामाला अलिबागला जाणारी बाई, जिचं काम 'उद्या या' म्हणून लांबतं. शिबिराला आलेली कार्यकर्ती. आणि मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई. त्या बाईला आपण सल्ला देतो, 'सहन करू नकोस, बाहेर पड.' बाहेर पड म्हणजे कुठे जा? हे सांगता येत नसेल तर आपला सल्ला अर्धाच आहे. सरकारने २०१५ पासून 'सखी' केंद्रं सुरू केली, तिथे पीडित बाईला थोडे दिवस राहता येतं. ती योजना चांगली आहे, १८१ नंबर पाठ करून ठेवा, ११२ ही ठेवा. पण जिल्ह्याला एक केंद्र, आणि आपला जिल्हा पोलादपूरपासून कर्जतपर्यंत पसरलेला. रात्री अकरा वाजता डोंगराकडच्या वाडीतली बाई पोरांना घेऊन तिथवर जाणार कशी?

मग करायचं काय? आम्ही जे थोडंफार केलं ते सांगते. फार मोठं नाही.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही सहा जणी दिवसाउजेडी लॉजवर गेलो. भांडायला नाही, विचारायला. 'बायकांना खोली न देण्याचा तुमचा नियम लेखी दाखवा.' लेखी कोणाकडेच नव्हता. 'वरून सांगितलंय' एवढंच. वरून म्हणजे कुठून, तेही कोणाला सांगता येईना. आम्ही अनुच्छेद १५ मराठीत मोठ्या अक्षरांत छापून नेला होता. दोन मालकांनी तो ठेवून घेतला आणि ओळखपत्रावर खोली देऊ म्हणाले. एकाने तर खरंच दिली, आमच्या शिबिराच्या दोघी तिथे राहून आल्या. बाकीच्यांनी चहा पाजून परत पाठवलं. सहा जणी गेलो म्हणून चहा मिळाला. दोघी गेलो होतो तेव्हा तोही मिळाला नव्हता.

दुसरं, मावशींची खोली. आम्ही त्यांना विचारूनच तिथे दोन गाद्या, दोन कांबळी आणि एक विजेरी नेऊन ठेवली. पैसे त्या घेत नव्हत्या. मग त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, 'आलेल्या बाईच्या खान्याचं बगा.' त्यासाठी गटातून थोडी रक्कम बाजूला काढतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण गरीब बाईच्या मायेवर आपण चळवळ चालवतो आणि तिला त्यागमूर्ती म्हणून मोकळ्या होतो. ते बरोबर नाही. खर्च सगळ्यांनी मिळून उचलायला हवा.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी शंका काढली, ती रास्त आहे. 'बाईला घरात ठेवली आणि तिचा नवरा दारात येऊन धिंगाणा घालायला लागला तर?' असं एकदा झालं आहे. त्या वेळी आजूबाजूच्या पाच-सहा बायका बाहेर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. तो परत गेला. म्हणून एकटं घर निवडू नका. जिथे शेजारणी हाकेच्या अंतरावर आहेत, अशी दोन-तीन घरं मिळून जबाबदारी घ्या. आणि त्याने हात उचलला तर ११२ लावायला कचरू नका.

तिसरं, त्या जर्मन मास्तरांसारखं, रिकाम्या जागांचा विचार करू या. गावागावांत समाजमंदिर आहे, शाळेच्या खोल्या आहेत. संध्याकाळी कुलूप लागतं. पावसाळ्यात दरड, पूर, बंद गाड्या हे आता आपल्याला नवीन नाही. ग्रामसभेत ठराव मांडा की चार महिने एक खोली बायकांच्या मुक्कामासाठी ठेवावी, किल्ली महिला गटाकडे असावी, आतून कडी असावी, शौचालय असावं. कडी लिहायला विसरू नका!

चौथं, आपल्या मनातलं. कोणी बाई दारात आली तर पहिला प्रश्न 'कोणाबरोबर आलीस?' असा करू नका. 'जेवलीस का?' एवढं पुरे. आणि 'आम्ही तसल्या नाही' हे वाक्य कुठेही, कितीही अडचण आली तरी बोलायचं नाही, असं मी तरी ठरवलं आहे.

आणि शेवटचं थोडं आनंदाचं. जागा फक्त संकटासाठी नको. कोथळीगडाच्या पायथ्याच्या पेठ गावात डोंगर चढायला आलेल्या मुलामुलींना घराघरांत जेवण आणि मुक्काम मिळतो. तिथे चूल बाईच्या हातात असते, ओटीवर कोणाला झोपवायचं हेही बऱ्याचदा तीच ठरवते. मुंबईच्या मुली तिथे येऊन राहतात आणि खालच्या वाड्यांतल्या आपल्या बायकांनी तो गड लांबूनच पाहिलेला असतो. तेव्हा या हिवाळ्यात प्रत्येक गटातल्या दोघीतिघींनी एक रात्र बाहेर काढायची. माहेर नाही, देवाची यात्रा नाही, दवाखाना नाही. गड बघायचा, भाकरी दुसऱ्या बाईच्या हातची खायची, तिचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं. घरी विचारतील, कशाला गेली होतीस? सांगा, बघायला गेले होते.

आता एक वही फिरवते आहे. त्यात आपल्या गावाचं किंवा वाडीचं नाव लिहा आणि पुढे एवढंच लिहा की रात्री एखादी बाई आली तर आमच्याकडे जागा होईल की नाही. मालकिणीचं नाव लिहू नका, ते आपल्या आपल्यात राहील. आज नाही म्हणून लिहिलं तरी चालेल. घरी जाऊन बोला, पुढच्या बैठकीला परत विचारीन.

पहिल्या पानावर भिसेगाव लिहिलेलं आहे. ते मावशींनी सुनेकडून लिहून घेतलंय. त्या मागे बसल्या आहेत, पाटी घेऊन आल्या आहेत. जाताना भाजी घेऊन जा.